माचीवरचे घर

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला जादा इंजिने जोडली जातात आणि मग ती बोरघाट चढू लागते. पळसदरी मागे पडली, की डाव्या हाताला खोल दरीपलीकडे दोन शिखरे दिसतात. एक उंच, दुसरे थोडे ठेंगणे. बोगद्यांमागून बोगदे येतात; शिखरे क्षणभर लपतात, पुन्हा दिसतात. हा राजमाचीचा किल्ला. उंच शिखर श्रीवर्धन आणि ठेंगणे मनरंजन. खाली कोकणात कर्जत व खालापूर हे तालुके, वर मावळ; गड त्या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. घाटातला हा लोहमार्ग 1863 साली वाहता झाला. तेव्हापासून लक्षावधी प्रवाशांनी गाडीच्या खिडकीतून ती शिखरे पाहिली असतील. पण तेथे जाऊन मुक्काम करावा, असे फार थोड्यांना वाटले. त्या थोड्यांपैकी एक म्हणजे कादंबरीकार गोपाळ नीलकंठ दांडेकर.

थोर लेखकांची घरे पाहण्यास लोक आवडीने जातात. जन्मस्थान, लेखनाची खोली, मेज, दौत असे सारे तेथे जपलेले असते. दांडेकरांच्या बाबतीत अशी यादी करू गेल्यास मात्र पंचाईत होते. त्यांचा जन्म 8 जुलै 1916 रोजी विदर्भात परतवाडा येथे झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीची हाक कानी आली आणि वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी या मुलाने घर सोडले. पुढे कित्येक वर्षे त्यांना घर असे नव्हतेच. कधी गाडगे महाराजांचा सहवास, कधी वेदान्ताचे अध्ययन, तर कधी नर्मदेची पायी परिक्रमा. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे परक्यांसाठी मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र उघड्यावर निजले. अशा पुरुषाच्या संगतीत वाढलेल्या तरुणाची घराविषयीची कल्पना चारचौघांसारखी राहिली नाही, यात नवल ते काय! स्वातंत्र्याच्या सुमारास ते तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. तेथे संसार झाला, लेखन झाले; वाचकांना ‘गोनीदा’ हे नाव ओळखीचे झाले.

तळेगावचे घर संसाराचे. मनाचे घर पाहायचे, तर राजमाचीच चढली पाहिजे.

कर्जतेकडून जाणाऱ्याने कोंदिवडे गाव गाठावे. तेथून रान चढू लागले, की वाटेत कोंडाण्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी खोदविलेली ही निवासस्थाने होत. त्यांच्या दर्शनी भागावर लाकडी घराचे वासे, कमानी आणि जाळ्या दगडात हुबेहूब कोरल्या आहेत. पाषाणात राहावयास गेलेल्या माणसालाही लाकडी घराचा विसर पडला नाही, हे पाहून मौज वाटते. पुढे चढण खडी होते. घामाघूम होऊन माथ्यावर यावे, तो दोन्ही बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे लहानसे गाव दिसते. खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे. जवळच तळे आणि महादेवाचे प्राचीन मंदिर आहे. खालच्या दरीतून उल्हास नदी कर्जतकडे वाहत जाते. हा गड 1657 साली शिवाजी महाराजांनी स्वराज्यात घेतला आणि 1818 साली तो इंग्रजांच्या हाती गेला. मनरंजनावर आज छप्पर नसलेल्या भिंती आहेत, श्रीवर्धनावर दरवाजा, बुरूज आणि पाण्याची टाकी. राजवाडे गेले, कुणब्या-कोळ्यांच्या झोपड्या मात्र नांदत्या राहिल्या.

दांडेकर येथे वारंवार येत, राहत आणि पाहत. 1958 साली प्रसिद्ध झालेल्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीत हीच माची आहे. मुंबईत उमर घालवलेला एक म्हातारा आपल्या माचीवर परत येतो आणि झाडे, पशुपक्षी, पाऊसवारा यांच्या सोबतीने राहू लागतो. कथानक म्हणावे, तर एवढेच! पण बुधाची खोपट, तिच्यापुढचे अंगण, भोवतीचे रान यांनीच ती कादंबरी भरून गेली आहे. त्या काळात कोकणातली आणि घाटमाथ्यावरची घरे मुंबईच्या ओढीने रिकामी होत होती. दांडेकरांनीच 1955 सालच्या ‘पडघवली’त, अंबूवहिनी या गृहिणीच्या तोंडून, असे ओस पडत चाललेले कोकणातले गाव डोळ्यांपुढे उभे केले होते. बुधा मात्र उलट्या वाटेने चालतो. गाव सोडून जाणाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत. परतणाऱ्याची कथा विरळा. ती सुचली, तीही तेराव्या वर्षी घर सोडून निघालेल्या लेखकाला.

डोंगरउतारावरच्या ठाकरवाड्याही त्यांच्या लेखनात आल्या. कर्जत-खालापूर भागातील ठाकरांचे जुने घर म्हणजे कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’मध्ये याच समाजातील नाग्या आणि चिंधी यांची कथा सांगितली. तिच्यावरचा चित्रपट 1977 साली निघाला. ठाकरांची बोली त्यांनी दुरून ऐकून उचलली असती, तर ती अशी जिवंत उतरली नसती. ओट्यावर बसून ऐकलेली भाषा निराळीच असते.

‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर ग्रंथासाठी त्यांना 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1981 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. 1 जून 1998 रोजी ते निवर्तले. उधेवाडीत आता कौलारू घरे आहेत आणि पावसाळ्यात गिर्यारोहकांची गर्दी लोटते. गावकरी त्यांना आपल्या पडवीत उतरवून घेतात आणि गरम भाकरी वाढतात.