गाडी कडक, फोटो शार्प!

शोरूममधून गाडी घरी आली. पेढे वाटून झाले, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं, चाकांखाली लिंबं चिरडली. आता फोटो! आणि नेमकी इथेच माशी शिंकते. डोंबिवलीतल्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे छताखाली अंधार आणि बाहेर रणरणतं ऊन. गाडी नीट दिसावी तर मागचं आवार पांढरंफटक, आवार सांभाळावं तर गाडीचा कोळसा.

यावर उतारा एचडीआरचा. एकाच दृश्याचे कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे फोटो काढून ते एकत्र करायचे. पॉल डेबेव्हेक आणि भारतीय वंशाचे जितेंद्र मलिक यांचा या विषयावरचा गाजलेला शोधनिबंध १९९७चा. आज आपला मोबाइलही गुपचूप असंच काहीतरी करतो. पण कॅमेऱ्यावर हौसेने केलेला एचडीआर पुष्कळदा धूसर येतो. का? कारण तिन्ही फ्रेम एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत.

साधा हिशेब बघा. पार्किंगमध्ये मधल्या फ्रेमला १/८ सेकंद लागला, तर दोन स्टॉप उजळ फ्रेमला अर्धा सेकंद लागणार. एवढा वेळ हात स्थिर? विसरा! म्हणून ट्रायपॉड हवाच. आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८, फॉरमॅट रॉ. ऑटो आयएसओ बंद, व्हाइट बॅलन्स कायम. ब्रॅकेटिंग उणे दोन, शून्य, अधिक दोन. म्हणजे बदलेल तो फक्त शटर स्पीड. जवळच्या हेडलाइटवर फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका, नाहीतर फोकस दर फ्रेमला भटकेल. दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवलेलं बरं. मागचा दिवा मऊ वाटला तर एफ/११ करा, पण एफ/१६च्या पुढे गेलात तर सगळाच फोटो मऊ पडतो. आणि हो, इंजिन बंद! नाहीतर कॅमेरा स्थिर आणि गाडीच थरथरतेय, असा प्रकार व्हायचा.

ठाणेकरांसाठी उपवन तलाव झकास. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्याने सूर्य लवकर आड जातो. गाडीवर मऊ सावली, आकाश मात्र अजून उजळ. एचडीआरला आणखी काय हवं? काचेवरची चमक कापायला पोलरायझर फिरवा, पण फ्रेम सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका. पानं आणि पाणी हलणारच, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये डीघोस्टिंग असतं. तिथेच इफेक्टचा स्लायडर मात्र जपून. डोंगराच्या कडेला पांढरी झालर दिसली की समजा, अति झालं.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आयुष्यभर लोकलला लटकलेले बाबा पहिल्यांदा स्वतःच्या घरच्या गाडीला टेकून उभे राहतील. आई पदर सारखा करेल, बाबा हसतील, कुणीतरी मधेच हलेल. तिथे तीन फ्रेमचा हट्ट धरलात तर बाबांना दोन नाकं येतील! अशा वेळी ब्रॅकेटिंग बंद करा. गाडी सावलीत घ्या, आयएसओ वाढवा, शटर १/१२५ ठेवा आणि एकच क्लिक करा. मागचं आकाश पांढरं झालं तरी चालेल. गाडीचा एचडीआर पुढच्या रविवारीही काढता येतो, बाबांचं हे हसू पुन्हा मिळेलच असं नाही.