आधी प्रश्न, मग पार्ट!

‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? आणि त्यानंतर ते टिंगटिंग संगीत किती वेळ ऐकत बसलात? इअरफोन बंद पडला, कुर्ता एका साइझने लहान आला, रिचार्जचे पैसे कापले गेले पण रिचार्ज झालाच नाही, असं काहीही असो. एक दाबा, दोन दाबा, चॅटबॉटशी गप्पा मारा आणि शेवटी कंटाळून सोडून द्या. कस्टमर सर्व्हिस म्हणजे हे असंच, अशी आपण मनाची समजूत घालून घेतली आहे.

पण एक धंदा असा आहे, जिथे विकायची वस्तू बनणं बंद होऊन सत्तर वर्षं झाली आहेत. ती बनवणारी कंपनी आता त्या मॉडेलची जबाबदारी घेत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकने ती गाडी आयुष्यात पाहिलेली नसते. आणि तरीही तिथले ग्राहक पार्ट्सवाल्याचं कौतुक करताना थकत नाहीत. हा धंदा म्हणजे अमेरिकेतला जुन्या, क्लासिक ट्रकच्या सुट्या भागांचा.

आधी एक खुलासा. आपण ट्रक म्हटलं की डोळ्यांसमोर ‘हॉर्न ओके प्लीज’वाला धूड येतो. अमेरिकेत मात्र पिकअपलाही ट्रकच म्हणतात. पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. शेतावर, सुतारकामाला, दूध पोचवायला तिथल्या कित्येक घरांत असा एक ट्रक होताच. शेव्हरोलेची १९४७ मध्ये आलेली ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिका, फोर्डची १९४८ ची एफ-सीरिज आणि १९५३ पासूनचा एफ-१०० ही त्यातली गाजलेली नावं. आजोबांचा ट्रक नातवाने पुन्हा चालता करायचा, हा तिथे अनेकांचा वर्षानुवर्षं चालणारा छंद आहे.

तीन झाकणं की सहा?

माझा आतेभाऊ कॅन्ससमध्ये एमएस करतोय. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. त्याचे घरमालक ऐंशीच्या घरातले आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये वडिलांनी शेतासाठी घेतलेला १९५५ चा शेव्हरोले पिकअप उभा आहे. आजोबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. त्यामुळे पार्ट्स मागवण्याचं खातं गेल्या वर्षीपासून दादाकडे आलं. त्याचे किस्से व्हिडिओ कॉलवर ऐकून ऐकूनच हा लेख लिहायचं डोक्यात आलं.

पहिल्या कॉलला दादाने थेट ऑर्डर दिली, ‘१९५५ शेव्हरोले, समोरच्या काचेचं रबर आणि दोन हेडलाइट.’ पलीकडचा माणूस म्हणाला, ‘जरा थांबा. पहिली सीरिज की दुसरी?’

दादाला वाटलं, वर्ष सांगितलं म्हणजे झालं की! पण गंमत अशी, की १९५५ साली शेव्हरोलेने दोन वेगवेगळे ट्रक विकले. वर्षाच्या सुरुवातीला जुनंच मॉडेल चालू होतं, त्याला म्हणतात फर्स्ट सीरिज. मार्चच्या शेवटी संपूर्ण नवं मॉडेल आलं, ती सेकंड सीरिज. वर्ष एकच, पण केबिन वेगळी, काच वेगळी, वायरिंग वेगळं. जुन्याला ६ व्होल्टची बॅटरी, नव्याला १२ व्होल्टची.

‘ट्रकसमोर उभे राहा,’ तो माणूस म्हणाला. ‘समोरची काच दोन्ही बाजूंना वळून दाराकडे येते का?’ नाही. ‘मग फर्स्ट सीरिज. रबर कळलं. आता बॉनेट उघडा आणि बॅटरीवर पाणी भरायची झाकणं मोजा. तीन आहेत की सहा?’

झाकणं निघाली सहा. म्हणजे १२ व्होल्ट! पुस्तकानुसार हा ट्रक ६ व्होल्टचा, पण मधल्या काळात कुणीतरी वायरिंग बदललं होतं. पुस्तक बघून ६ व्होल्टचे हेडलाइट पाठवले असते, तर बटण दाबताच उडाले असते. ‘गाडी सत्तर वर्षांची आहे,’ तो सहज म्हणून गेला, ‘मधे कुणी काय काय केलं ते कॅटलॉगमध्ये नसतं. म्हणून मी आधी विचारतो.’

सव्वीस मिनिटांचा कॉल. विक्री किती, तर एक रबर आणि दोन दिवे. आपल्याकडच्या एखाद्या कॉल सेंटरच्या टीम लीडरला हा हिशोब दाखवा, त्याला घाम फुटेल!

‘हे आत्ता घेऊ नका’

दुसरा किस्सा ब्रेकचा. आजोबांना नातीला शेजारी बसवून ट्रकमधून एक चक्कर मारायची आहे. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत दादाला रिस्क नको होती. ‘सगळा सेट द्या’ म्हणून त्याने फोन केला. मोठी ऑर्डर होती. दुसरा कुणी असता तर लगेच कार्ड नंबर विचारला असता.

इथे उत्तर आलं, ‘आधी चारही ड्रम उघडून बघा. आतून ठीक असतील तर ते आत्ता घेऊ नका. रबरी होज मात्र कसेही दिसले तरी बदला, रबर आतून सडतं आणि बाहेरून कळत नाही.’ ड्रम उघडले, तर चारपैकी तीन चांगले होते. ऑर्डर निम्म्याहून कमी झाली. पण त्यानंतर दादाने दुसऱ्या कुठल्या दुकानाला फोन केलेला नाही. आता सांगा, त्या माणसाने धंदा गमावला की कमावला?

तिसरा किस्सा गडबडीचा, कारण गडबड सगळीकडेच होते. एका दुसऱ्या पुरवठादाराकडून याआधी मागवलेलं मडगार्ड चेपून आलं होतं. पण ऑर्डर घेतानाच त्यांनी बजावलं होतं, ‘मालवाहू गाडी आली की ड्रायव्हरसमोर खोकं उघडा. काही चेपलं असेल तर सही करण्याआधी पावतीवर लिहा.’ दादाने तसंच केलं. फोटो पाठवले. दुसरं मडगार्ड आलं, वेगळा पैसा लागला नाही. चूक झाली तर काय करायचं हे ग्राहकाला चूक होण्याआधीच सांगून ठेवणं, यालाही सर्व्हिसच म्हणतात.

हे लोक एवढे चांगले का?

ते काही संत नाहीत. त्यामागे साधं गणित आहे. मडगार्ड, बंपर, हौद्याची बाजू या वस्तू अवजड. चुकीची पाठवली तर परत मागवण्याचा खर्च नफा खाऊन टाकतो. म्हणजे सुरुवातीची दहा मिनिटं खर्च करणंच स्वस्त. शिवाय एक ट्रक उभा करायला अनेक वर्षं लागतात. आज रबर घेणारा उद्या सीटचं कव्हर घेणार, परवा सायलेन्सर. असा गिऱ्हाईक एकदा दुखावला की वर्षांचा धंदा गेला. आणि हे शौकीन एकमेकांना ओळखतात. रविवारच्या ट्रक मेळाव्यात चांगलं नाव पसरतं तसंच वाईटही.

या धंद्यातली मोठी नावं म्हणजे कॅन्ससमधल्या लेनेक्सा गावची ‘एलएमसी ट्रक’, फ्लोरिडातल्या ओकालाची ‘नॅशनल पार्ट्स डेपो’ वगैरे. एलएमसीचा छापील कॅटलॉग फुकट मिळतो. त्यात अख्खा ट्रक सुटा करून काढलेली चित्रं असतात, एकेक स्क्रू, एकेक वायसर आपल्या जागी आणि शेजारी नंबर. इंग्रजी कच्चं असलं, पार्टचं नाव माहीत नसलं, तरी चित्रावर बोट ठेवून ऑर्डर देता येते. ग्राहकाला ‘तुम्हाला एवढंही माहीत नाही?’ असं न म्हणता शिकवण्याची ही पद्धत मला सगळ्यात भारी वाटली.

प्रामाणिकपणाची एक भाषाही या धंद्याने तयार केली आहे. ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणजे त्या काळी बनलेला, पण कधीच न वापरलेला माल. ‘रिप्रॉडक्शन’ म्हणजे आज नव्याने बनवलेली नक्कल. ‘यूज्ड’ म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला. तिन्हींची किंमत वेगळी, दर्जा वेगळा. चांगला विक्रेता कोणता माल कोणता ते आधीच सांगतो. नक्कल विकणं गैर नाही, नक्कल ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणं गैर.

आणखी एक शब्द ‘कोअर चार्ज’. स्टार्टर किंवा स्टीअरिंग बॉक्स दुरुस्त करून विकायचा तर विक्रेत्याला जुना सांगाडा लागतो. म्हणून तो वर थोडी अनामत घेतो आणि तुमचा जुना पार्ट पोचला की परत करतो. ओळखीचं वाटलं? आपण गाडीची जुनी बॅटरी देऊन नवीवर पैसे कमी करून घेतो, तेच लॉजिक.

कुर्ला ते कॅन्सस

हे सगळं सातासमुद्रापारचं, आपला काय संबंध? आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडायचे. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. आणि १९८६ साली आलेला टाटा ४०७ तर आजही तुमच्या गावच्या बाजार समितीबाहेर उभा दिसेल. कुणाचं तरी घर त्याच्यावर चालतं. त्याच्यासाठी पार्ट वेळेवर मिळणं हा छंदाचा विषय नाही. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली.

आणि सर्व्हिसचं म्हणाल, तर आपल्याकडे ती एका वाक्यात आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा. जुना काका चष्म्यावरून बघत विचारतो, ‘सॅम्पल आणलंय का?’ म्हणजे गाडीतून काढलेला जुना पार्ट. तो हातात घेतो, बोटाने आटे चाचपतो, माळ्यावरून तीन डबे काढतो आणि नेमका तोच देतो. कॅन्ससचा माणूस बॅटरीची झाकणं मोजायला लावतो आणि आपला काका सॅम्पल मागतो. दोघंही एकच काम करतात, विकण्याआधी समजून घेतात.

तुमच्या कामाचं काय?

दोन गोष्टी. पहिली, ग्राहक म्हणून. अमेरिकेत फोनवर किंवा ऑनलाइन विकणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत माल पाठवलाच पाहिजे, मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत. जमत नसेल तर ग्राहकाला कळवून थांबायचं की पैसे परत घ्यायचे ते विचारावं लागतं. आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं नियम सांगतो. सदोष किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कुणी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. सेव्ह करून ठेवा.

दुसरी, उद्या तुम्हीच काउंटरच्या पलीकडे असाल म्हणून. आपल्यातले कितीतरी जण पहिली नोकरी बीपीओत, शोरूममध्ये, बँकेच्या डेस्कवर करणार आहेत. तिथे हातात स्क्रिप्ट मिळेल आणि डोक्यावर सेकंदांचा काटा असेल. तो काटा तुमच्या हातात नसतो, हे खरं. पण त्याच वेळात ‘सर, तुम्हाला नक्की कशासाठी हवंय?’ हा एक प्रश्न बसतो. तो विचारायला पगारवाढ लागत नाही. आणि ‘हे तुम्हाला लागणार नाही’ असं एकदा खरं सांगून बघा, तो ग्राहक पुढच्या वेळी तुमचंच नाव घेऊन येईल.

आणि हो, आपण वन-स्टार द्यायला फार तत्पर असतो. कुणी नीट मदत केली तर त्याचं नाव विचारा आणि दोन ओळी लिहून कळवा. दादाच्या आजोबांनी त्या फोनवाल्या माणसाला हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड पाठवलं. ते आता त्याच्या काउंटरवर चिकटवलेलं आहे म्हणे. पुढच्या कॉलला त्यानेच सांगितलं, आणि लगेच विचारलं, ‘बरं, आता काय बिघडलंय?’