पॉइंट पंचेचाळीसच्या अल्याड-पल्याड

"जुन्याची वायर काप, नव्याची कापायची नाही," असं आबांनी नातीला बजावलं तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन पार्किंगमधून वर निघाले होते. जुना सेन्सर भंगारातच जायचा, त्याची वायर तोडली तरी बिघडत नाही. नव्याची मात्र कापायची नाही, सोल्डर करायची नाही, तिच्या कपलरला ग्रीसही लावायचं नाही. का? आबा म्हणाले, "तो वायरीतून श्वास घेतो." तांब्याच्या तारांमधल्या बारीक फटींतून बाहेरची हवा सेन्सरच्या पोटात जाते आणि धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो त्या हवेशी ताडून सांगतो. फट बुजली की ताडून पाहायला काही उरत नाही. मी पिशवी खांबाशी टेकवली आणि तिथेच उभी राहिले.

आबा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सातपूरला मायकोच्या टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. कंपनीचं नाव बॉश होऊन इतकी वर्षं झाली, तरी ते मायकोच म्हणतात. त्यांचा हात डिझेलच्या नोझलवर बसलेला, मायक्रॉनमध्ये मोजायची सवय. नात पॉलिटेक्निकला आहे. गाडी घरातली २०१८ची पेट्रोल हॅचबॅक. आबांच्या सूनबाई तिच्यातून धाकट्याला शाळेत सोडतात, तिथून पुढे बँकेत जातात. महिन्याभरापासून डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता, अ‍ॅव्हरेज उतरलं होतं आणि सकाळी गाडी चालू केली की पार्किंगभर कच्च्या पेट्रोलचा वास पसरायचा. तो वास जिन्यातून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येई, म्हणून या दुखण्याशी माझी आधीपासूनच ओळख होती.

एका वर्कशॉपने स्कॅनर लावून कोड काढला आणि अंदाजपत्रक हातात दिलं: दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलणे, कन्व्हर्टर साफ करणे, १४ हजार रुपये. आबांनी तो कागद मला दाखवला. त्यात रुपये होते, पार्ट नंबर होते, पण मोजलेला एकही आकडा नव्हता. आबांना राग त्याचाच आला होता, किमतीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला छोटं ब्लूटूथ यंत्र लावून नातीने मोबाइलवर तोच कोड पुन्हा काढला होता. पी०१३५. म्हणजे पुढच्या, इंजिनाजवळच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड. नीट वाचलं तर कोड एवढंच सांगतो. सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. फ्यूज उडाला असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, कपलरच्या पिनेला गंज चढला असेल, तरीही हाच कोड येतो. मागच्या सेन्सरबद्दल तर त्यात चकार शब्द नाही.

मग आदल्या संध्याकाळचं मोजमाप त्यांनी माझ्यासाठी पुन्हा करून दाखवलं. नातीने कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या रबराला धक्का न लावता, टाचणी आत सरकवली आणि मल्टिमीटरची पिन तिला टेकवली. थंड इंजिन चालू केलं. काटा स्थिर झाला, म्हणजे आकडा: ०.४५ व्होल्ट.

"आबा, बरोबर मधोमध!" ती आदल्या संध्याकाळी असंच म्हणाली होती, असं तिनेच मला सांगितलं. पुस्तकात तसंच आहे. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त झाली की ०.१ पर्यंत उतरतो आणि ०.४५ ही मधली हद्द. आबांचं उत्तर मी त्यानंतर कितीदा तरी मनात घोळवलं आहे. "पॉइंट पंचेचाळीसवर उभा राहिला म्हणजे झोपलाय. पॉइंट पंचेचाळीस ओलांडत राहिला तर जागा."

झोपलेल्या सेन्सरच्या वायरीवर दिसणारे ते ०.४५ सेन्सरचे नव्हतेच. या गाडीचा कॉम्प्युटर त्या वायरीवर स्वतःहून तेवढा दाब ठेवतो आणि सेन्सर त्याला वरखाली ओढेल याची वाट पाहतो. सेन्सर गप्प असेल तर कॉम्प्युटरला स्वतःचाच आकडा परत दिसतो. माणूस मात्र तो पाहून म्हणतो, सगळं ठीक आहे.

गप्प का होता, याचं उत्तर सेन्सरच्या घडणीत आहे. करंगळीच्या टोकाएवढी झिर्कोनियाची टोपी, म्हणजे चिनी मातीसारखं एक सिरॅमिक, आणि तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर, आतल्या अंगाला वायरीतून आलेली साधी हवा, जिच्यात ऑक्सिजन २१ टक्के. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की भिंतीतून ऑक्सिजनचे आयन सरकतात आणि त्या फरकाचा व्होल्टेज तयार होतो. हे गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाचं. पण झिर्कोनिया थंड असताना वीज अडवतो. साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय त्याला कंठ फुटत नाही. नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये याच पदार्थाच्या कांडीचा दिवा बनवला होता, आणि तोही आधी तापवल्याशिवाय पेटत नसे. बॉशने १९७६ मध्ये गाड्यांसाठी हा सेन्सर बाजारात आणला, तो पहिल्यांदा अमेरिकेसाठी बनलेल्या व्होल्वो गाड्यांना बसला. आतमध्ये हीटर असलेला सेन्सर त्यांनी १९८२ मध्ये काढला. मधली वर्षं सेन्सर नुसत्या धुराच्या उष्णतेवर जागा व्हायचा. आबांच्या घरची गाडी आता त्याच काळात जाऊन पोचली होती.

आयडलवर बराच वेळ गेला तरी आकडा ०.४५ वरून हलला नाही. "आता रेस दे," आबा म्हणाले. नातीने अडीच हजार आरपीएमवर पाय धरून ठेवला. मॅनिफोल्ड तापत गेला आणि मग आकडा कुरकुरत हलला: ०.३८, ०.६, ०.२, ०.७. थोड्या वेळाने तर चांगला झुलायला लागला, दर सेकंदाला हद्द ओलांडून इकडून तिकडे. पाय सोडला तसा आकडा मंदावत पुन्हा ०.४५ वर येऊन थांबला.

"मेला नाहीये, गारठलाय," आबा म्हणाले.

पुढचं सोपं होतं. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. कपलर सोडून गाडीच्या बाजूच्या पिनांवर बारा व्होल्ट येतायत का पाहिलं, येत होते. मग सेन्सरच्या बाजूच्या दोन पांढऱ्या वायरी, त्या हीटरच्या. त्यांच्यात काही ओहमचा रोध दिसायला हवा. मीटरने ओएल दाखवलं, म्हणजे तार आतून तुटलेली. नव्या सेन्सरवर त्याच दोन वायरींमध्ये नऊ ओहमच्या आसपास आलं. नातीने दोन्ही नोंदी वहीत लिहिल्या आणि खाली रेघ मारली.

म्हणजे जे नाक वास घेत होतं ते धडधाकट, त्याला ऊब देणारी तार तेवढी गेलेली. ती तार पोलादी कवचात कायमची बंद असते, तेवढी वेगळी बदलता येत नाही. एका तारेपायी अख्खा सेन्सर टाकावा लागतो, हे मला अजून पटत नाही. हीच गाडी कुणी रोज मुंबईला नेत असता तर त्याला हा बिघाड जेमतेम जाणवला असता. कसारा येईपर्यंत मॅनिफोल्ड लाल झालेला असतो. शाळा आणि बँक मिळून चार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं सारं आयुष्य मात्र थंड इंजिनातच जातं. सेन्सर गप्प असेपर्यंत कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल टाकतो आणि तो अंदाज जादाकडे झुकलेला असतो. जिन्यातून येणारा वास तो होता.

शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त टाकावं लागतं. टाकीत काय भरलंय हे अशा गाडीच्या कॉम्प्युटरला धूर हुंगणाऱ्या या सेन्सरकडूनच कळतं. उसापासून इथेनॉल काढणाऱ्या आपल्या राज्यात या छोट्या वस्तूची एवढी कमी चर्चा व्हावी याचं मला आश्चर्य वाटतं.

प्रत्यक्ष बदलायचं काम त्या मानाने थोडं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, दहाच्या पान्याने पत्र्याचं हीट शील्ड उतरवलं. सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल रात्रीच सोडून ठेवलं होतं. बॅटरी काढण्याआधी इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं होतं, कारण मॅनिफोल्ड कोमट असताना आटे सैल सुटतात. त्या तेलाचा गोडसर, घशाला चिकटणारा वास तापून वर आला. नव्याचं कपलर जुन्याशी जुळवून पाहिलं आणि मगच नातीने जुन्याची वायर कटरने तोडली. आता वरून बावीसचा रिंग पाना सरळ बसला.

आणि हलेना. तिने सगळं वजन टाकलं. आबांनी पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवून दिला, स्वतः मात्र हात लावला नाही. "झटका नको. दाबत राहा." तिच्या मनगटाच्या शिरा दिसायला लागल्या, चप्पल फरशीवर घसरली, आणि मग कट्ट असा आवाज झाला. आम्ही तिघंही एकदम गप्प झालो, कारण आटा सुटला की सेन्सर मोडला हे त्या आवाजावरून सांगता येत नाही. तिने पाना अलगद उलटा फिरवला, पाव फेरा. परत पुढे, परत तेल. इथे घाई केली तर मॅनिफोल्डमधले आटे सेन्सरबरोबर सोलून निघतात आणि काही हजारांचं काम भलतीकडे जातं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं करत तो निघाला.

आबांनी तो उजेडात धरून टोक पाहिलं. काळीकुट्ट काजळी असती तर इंजिन पेट्रोल जास्त खातंय, पांढरी भुकटी असती तर कूलंट किंवा सिलिकॉनचा सीलंट आत शिरलाय असं समजायचं. शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा प्लॅटिनमवर शिसं बसून सेन्सर जायचे. ते पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत देशभर बंद झालं. हे टोक पातळ काजळीखाली तपकिरी-राखाडी होतं. "इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले, आणि सूनबाईंना वर हाक मारून तेच पुन्हा सांगितलं.

नव्याच्या आट्यांना कंपनीचाच करडा लेप लावलेला असतो, पुढच्या वेळी अडकू नये म्हणून. तो टोकाला लागता कामा नये. टोकाला बोटही लावायचं नसतं. नातीने सेन्सर आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवला. हाताने सहज गेला म्हणजे आटे शाबूत. मग टॉर्क पाना चाळीस न्यूटन मीटरवर लावून घट्ट केला. वायर सगळ्यात शेवटी जोडली, नाहीतर पीळ बसतो, आणि जुन्याच क्लिपांतून मॅनिफोल्डपासून लांब नेली. मी मध्येच विचारलं, कपलरला थोडं ग्रीस लावलं तर पाणी जाणार नाही ना? आबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. नात हसली आणि म्हणाली, "काकू, श्वास!"

कोड पुसला, थंड इंजिन चालू केलं. मोबाइलवर आलेख लावलेला. पहिल्यांदा तीच सपाट रेघ, ०.४५. माझा जीव वरखाली झाला. अर्ध्या मिनिटाच्या आत रेघ खाली कोसळली, वर उसळली आणि मग एका लयीत झुलू लागली, आयडलवरच, कुणी रेस न देता. आबा तो आलेख बघत होते तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक वेळी हद्द ओलांडली की ते मोजत होते. दहा सेकंदांत नऊ वेळा झालं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

ज्या अंदाजपत्रकावर एकही मोजलेला आकडा नाही त्यावर मी तरी आता सही करणार नाही. मल्टिमीटर काही महाग नाही, टाचणी तर घरोघरी असते. त्या दिवशी मोजण्यात गेलेला वेळ पाना फिरवण्यात गेलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त होता. पार्ट बदलणारा आणि गाडी दुरुस्त करणारा यांच्यात फरक असेल तर तो तेवढ्या वेळाचा आहे.

हीट शील्डचे बोल्ट बसवून होतात तोवर बी विंगमधले एक गृहस्थ मोबाइल हातात घेऊन आले. त्यांच्याही गाडीचा दिवा लागलेला, कोड पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टरचा, आणि त्यांना कुणीतरी सांगितलेलं की मागचा सेन्सर बदलला की काम होतं. आबांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. हात पुसत त्यांनी विचारलं, "कोड राहू द्या. गाडी तेल खाते का? शेवटचं ऑइल कधी वाढवलंत?"

गृहस्थ विचारात पडले. नात वहीचं पुढचं पान काढत होती.