रेस दिली की बत्ती जाते, धोका जात नाही

आपला धाराशिव जिल्हा समुद्रापासून दूर. नाव म्हटली की आपल्याला आठवतो नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीचे अडवलेले पाणी, इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळातील दगडी बंधारा, त्याच्या पोटातील पाणी महाल आणि त्या पाण्यातली बोटीची फेरी. बोट म्हणजे सुट्टीतली मौज, एवढेच आपल्या मुलांना माहीत असते. त्या बोटीच्या मागे एक इंजिन असते आणि बिघडण्याआधी ते आपल्याला सांगत असते, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही.

ईदनंतरच्या रविवारी आम्ही शेजारच्या जिल्ह्यातील एका तलावावर गेलो होतो. अम्मी, माझी बेगम, दोन मुले, धाकट्या भावाचे कुटुंब, असे आम्ही नऊ जण. लाइफ जॅकेट मिळाली चार, ती मुलांना घातली. बोट मधोमध गेल्यावर मुलांना फोटो हवा होता, म्हणून चालवणाऱ्या पोराने इंजिन हळू केले. तेवढ्यात समोरच्या पट्टीवर लाल बत्ती लागली. तेलाच्या बुधलीचे चित्र आणि खाली थेंब. मी त्याला दाखवले. तो हसून म्हणाला, "ऐसाच रहता सर, रेस दिए तो जाती." त्याने रेस दिली आणि बत्ती खरेच गेली. बोट थांबवली की पुन्हा लागे.

मी गप्प बसलो. पैसे दिले होते, मुले खूश होती, आणि मास्तर सगळीकडे शिकवायला लागतात असे कुणी म्हणू नये, असेही मनात आले. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "तुला माहीत आहे तर बोलत का नाहीस?"

मला माहीत होते त्याचे कारण असे. आंतरजिल्हा बदली होऊन इकडे येण्याआधी मी काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावातील उर्दू शाळेत होतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वालिद मासेमारी करीत. त्यांच्या होडीला मागे टांगलेले, म्हणजे आउटबोर्ड इंजिन होते. ते म्हणत, बत्ती लागली की आधी इंजिन बंद करायचे, विचार नंतर करायचा.

मी पोराला इंजिन बंद करायला सांगितले. तो नाराज झाला, पण त्याने ऐकले. दुसऱ्या बोटीने दोर बांधून आम्हाला काठावर आणले. पाऊण तास गेला.

हळू चालतानाच बत्ती का लागते?

मुलांना मी हापशाचे उदाहरण देतो. हापसा हळू मारला तर तोटीतून बारीक धार पडते, जोरात मारला तर मोठी. इंजिनातील तेलाचा पंपही इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. इंजिन हळू फिरते तेव्हा तेलाचा दाब सर्वांत कमी असतो. तेल कमी झाले, पातळ झाले किंवा आतील बेअरिंग झिजून फटी वाढल्या, तर तो दाब ठरलेल्या मर्यादेखाली जातो आणि बत्ती लागते. रेस दिल्यावर पंप जोरात फिरतो, दाब वाढतो, बत्ती विझते. बिघाड मात्र तिथेच असतो. तेलाचा थर नीट नसताना धातूवर धातू घासतो आणि इंजिन कधीही जाम होऊ शकते.

तलावाच्या मधोमध इंजिन जाम झाले की बोट वाऱ्याच्या स्वाधीन होते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तिथे कारण वारा होते. पण धरणाचे पाणी समुद्र नाही म्हणून ते सौम्य असते, हा आपला समज किती चुकीचा आहे, ते त्या संध्याकाळी कळले.

काठावर आम्ही काय पाहिले

इंजिन उभे सरळ ठेवून काही मिनिटे थांबलो, म्हणजे तेल खाली उतरते. मग तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. पोरगा म्हणाला, "देखो सर, ऑइल तो फुल है."

खाडीवरच्या त्या भाईंनी एक गोष्ट शिकवली होती. न भरता तेल वाढले असेल तर खूश होऊ नका, वास घ्या. मी वास घेतला. पेट्रोलचा होता. पेट्रोलवर चालणारे फोर-स्ट्रोक इंजिन पुरेसे तापण्याआधीच बंद होत राहिले, किंवा तासन्‌तास हळूच चालत राहिले, तर न जळलेले पेट्रोल खाली तेलात उतरते. पट्टीवर तेल भरपूर दिसते, पण ते पातळ झालेले असते. सहलीच्या बोटी दिवसभर अशाच छोट्या फेऱ्या मारतात.

आणखी एक गोष्ट दिसली. धोक्याचा भोंगा वाजू नये म्हणून त्याची वायर तोडून वर चिकटपट्टी लावली होती. "कस्टमर घबराते," तो म्हणाला. बोट त्याची नव्हती. मालकाला सांगितले तर दिवसाची रोजी बुडेल, ही त्याची भीती खरी होती. म्हणून त्याच्यावर रागवावेसे वाटले नाही. वहीचे एक पान फाडून त्यावर त्याला लिहून दिले, तेच इथे देतो.

वहीतले पान

१. आधी चित्र ओळखा. बुधली म्हणजे तेल, पाण्यातला थर्मामीटर म्हणजे इंजिन तापले, चौकोनी डबी म्हणजे बॅटरी.

२. तेलाची बत्ती असेल तर इंजिन बंद. पट्टी पाहा. कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल घाला, वरच्या खुणेपर्यंतच. दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. पेट्रोलचा वास आला तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.

३. तापल्याची बत्ती असेल तर मागून पडणारी पाण्याची बारीक पिचकारी पाहा. ती बंद असेल तर इंजिन बंद करून वर उचला आणि खालच्या जाळीत अडकलेली पिशवी किंवा जलपर्णी काढा. तरी धार आली नाही तर पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा झिजला असेल. तो झिजला की हळू चालतानाच आधी त्रास देतो. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालवू नका, हा पंखा लगेच खराब होतो.

४. तेल बदलूनही बत्ती राहिली तर मिस्त्रीकडून दाबाचा मीटर लावून घ्या. दाब बरोबर निघाला तर दोष बत्तीच्या स्विचचा किंवा गंजलेल्या वायरीचा. दाब कमी निघाला तर इंजिन खोलावे लागेल.

५. बहुतेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डच्या पुस्तिकेत नव्या इंजिनाचे तेल पहिल्या २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायला सांगितलेले असते. तासांची नोंद वहीत ठेवा.

६. भोंग्याची वायर जोडा.

आपल्या अंगणातली बत्ती

वाचकहो, बोट आपल्यापैकी थोड्यांकडेच असेल. पण ट्रॅक्टर, जीप, गाडी घरोघर आहे आणि तिच्यातही हीच बुधली आहे. सिग्नलवर थांबल्यावर ती लागते, रेस दिली की जाते, आणि आपणही म्हणतो, "चलता है."

तवक्कुलचा अर्थ आपण अनेकदा उलटा लावतो. उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. दिसणाऱ्या धोक्याकडे पाठ फिरवणे हा तवक्कुल नव्हे. गाडीत किंवा बोटीत बसलेला प्रत्येक जीव चालवणाऱ्याकडे अमानत असतो. आणि ज्याला धोका कळतो, त्याने संकोचापायी गप्प राहणे हीदेखील त्या अमानतीत कसूरच. ती त्या दिवशी माझ्याकडून थोडी झालीच होती.

आठवड्याने त्या पोराचा फोन आला. मालकाने तेल आणि फिल्टर बदलून दिले, बत्ती आता लागत नाही. मी विचारले, "बेटा, भोंग्याचे काय?"

"जोड दिया सर," तो म्हणाला. "अल्हम्दुलिल्लाह, अब तक बजा नहीं."