क्षयाच्या गोळ्यांसोबत ब६ कशासाठी?

सोलापूर विड्यांचे आणि यंत्रमागांचे शहर. क्षयरोग इथल्या दाट वस्त्यांना परका नाही. उपचारातली आयसोनियाझिड जंतू मारते, पण शरीरातले ब६ जीवनसत्त्वही स्वतःशी बांधून लघवीवाटे बाहेर नेते. मग हातापायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. विडी वळणारीची बोटे बधिर झाली तर रोजीच बुडते! म्हणून डॉक्टर रोज साधारण १० मिलिग्रॅम ब६ देतात. दुकानातून ताकदीच्या जादा गोळ्या मात्र आणू नका. ब६ दीर्घकाळ फार झाले तर तेही नसाच बिघडवते. क्षयावरचे लेव्होफ्लॉक्सासिन हे औषधही चालू असेल तर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या काही तासांच्या अंतराने घ्याव्यात, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे सरकारी निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये टॉनिकवर घालवू नयेत, असे मला कळकळीने वाटते. त्यातून डाळ, अंडी, शेंगदाणे आणावेत.