मोबाइलवरचा व्हिडिओ डीव्हीडी प्लेअरवर का चालत नाही?

साखरपुड्याचे चित्रीकरण भाच्याने मोबाइलवर केले, डिस्कवर ‘कॉपी’ केले आणि गावी आजीकडे पाठवले. आजीकडे स्मार्टफोन नाही, टीव्हीला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर आहे. डिस्क आत गेली, फिरली आणि पडद्यावर उमटले, ‘अनसपोर्टेड फॉरमॅट’. डिस्क खराब नव्हती आणि प्लेअरही बिघडलेला नव्हता.

नेमके अडते कुठे?

आजचे फोन एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने व्हिडिओ साठवतात. डीव्हीडी हे १९९६चे तंत्रज्ञान. तिच्या प्लेअरमधील चिपला मुख्यतः एमपीईजी-२ ही भाषा कळते. फाइलचे नाव बदलून शेवटी ‘एमपीजी’ लिहिल्याने काही होत नाही, आतला मजकूर तोच राहतो. शिवाय प्लेअर डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर शोधतो. त्यामुळे दोन कामे करावी लागतात : रूपांतर आणि डिस्कची मांडणी. ‘डीव्हीडीस्टायलर’सारखे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही करते. ‘हँडब्रेक’ लोकप्रिय असले तरी ते डीव्हीडी बनवत नाही, येथे अनेकांची गल्लत होते.

चेहरे लांबुळके का दिसतात?

भारतात पॅल पद्धत चालते : ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ चित्रे. गंमत अशी की, चौकोनी आणि रुंद पडद्यासाठी पिक्सेल तेवढेच असतात. चित्र किती ताणायचे, हे फाइलमधील एक खूण सांगते. रुंद चित्रावर १६:९ऐवजी ४:३ची खूण पडली, की नवरी-नवरा उंच नि किडकिडीत दिसतात. उभा धरून केलेल्या चित्रीकरणाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायच्या नादात डोकी कापली जातात.

आवाज मागे-पुढे होण्याचे कारण वेगळे. फोन प्रकाशानुसार चित्रांचा वेग कमी-जास्त करतो. डीव्हीडीला तो एकसारखा लागतो. आधी ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल तयार केली, तर ओठ आणि शब्द जुळतात.

किती मावते?

साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी. उत्तम दर्जात साधारण तासभर, थोडी तडजोड केली तर दोन तास. चार तासांचा सोहळा एकाच डिस्कवर कोंबला, तर हळदीचा पिवळा रंग चौकटी-चौकटींत फुटतो. त्यापेक्षा दोन डिस्क बऱ्या. डिस्क कमी वेगाने लिहावी, ‘फायनलाइझ’ करायला विसरू नये आणि पाठवण्यापूर्वी संगणकावर नव्हे, एखाद्या खऱ्या प्लेअरवर लावून पाहावी.

प्लेअरला यूएसबी खाच असेल तर डिस्कची गरज नाही, असे वाटू शकते. पण असे अनेक प्लेअर फक्त जुन्या एव्हीआय-डिव्हएक्स फाइल वाचतात आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचाच मागतात. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

फोनमधील मूळ फाइल मात्र पुसू नये. रूपांतरात गेलेला बारकावा डिस्कवरून परत मिळत नाही.