ओपीडीबाहेरची बाकडी

परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दवाखान्याची चर्चा निघाली की खाटा आणि मशिनी मोजल्या जातात. रुग्ण जिथे सगळ्यात जास्त वेळ काढतो, ती थांबायची जागा मोजायची राहून जाते.

सेनगाव किंवा औंढ्याहून सकाळच्या एसटीने आलेला रुग्ण सहसा एकटा नसतो. सोबत नातेवाईक, डबा, जुन्या केसपेपरची थैली. रुग्णसंख्येवर बाकडी मांडली की ती कमीच पडणार. मग काही जण दाराशी उभे राहतात आणि आपला नंबर गेला की काय, या धास्तीने बसलेलेही उठतात. म्हणून नंबर ठळक दिसावा आणि मोठ्याने पुकारलाही जावा; सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. किती थांबावं लागेल हे कळलं की तोच तास कमी जाचतो, हे रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्येच मांडलं होतं.

हवेचा प्रश्न मात्र जिवावर बेतणारा. खोकणारा क्षयरुग्ण आणि लसीला आणलेलं बाळ एकाच कोंदट खोलीत नकोत. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर हवा खेळावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची मार्गदर्शिका सांगते. समोरासमोरच्या उघड्या खिडक्या हे काम फुकटात करतात. बंद एसी हॉलपेक्षा पंखे लावलेला सावलीचा व्हरांडा मला तरी बरा वाटतो.

रुग्ण कल्याण समितीकडे टीव्हीआधी पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय आणि पाठ टेकता येणारी बाकडी मागा.